लिंबूटिंबू नको, राज्य हवं : बागेतलं सगळ्यांचं उन्हाळी शिबिर

प्राजक्त | २८ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. धागा मोठा होणार आहे, पण मला तुमची मदत हवी आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

आम्ही पुण्यात राहतो. घरापासून पाच मिनिटांवर महापालिकेची बाग आहे. माझी लेक नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा राहत नाही. पायात स्प्लिंट घालून वॉकरच्या आधारानं चालते, बोलते सावकाश पण स्पष्ट. दोन वर्षांपूर्वी तिला एका उन्हाळी शिबिरात घातलं होतं. तिथल्या बाईंनी वॉकर पाहिला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "येऊ दे की, बसेल एका बाजूला, रंगवायला देऊ काहीतरी." दहा दिवस तिनं रंगवलं. बाकीची मुलं मैदानात आणि ही मांडवाखाली. अकराव्या दिवशी जायला नाही म्हणाली. का विचारलं तर म्हणाली, "रंग संपले."

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं. भांडायलाही कुणी समोर नव्हतं.

मग गेल्या मेमध्ये आम्ही चार पालकांनी मिळून बागेतच शिबिर घेतलं. तीन आठवडे, सकाळी ७ ते ९. मुलं २२, त्यांतली सहा वेगवेगळ्या अडचणी असलेली : दोघं स्वमग्न (ऑटिस्टिक), एकाला ऐकू येत नाही, एकीला डाऊन सिंड्रोम, एक व्हीलचेअरवर आणि माझी लेक. कॉलेजातली पाच ताई-दादा मंडळी. फी सगळ्यांना सारखी.

पहिली लढाई फाटकाशी झाली. दुचाकी आत शिरू नये म्हणून बागेला ते वळणावळणाचं लोखंडी फाटक आहे. त्यातून दुचाकी जात नाही, तशी व्हीलचेअरही जात नाही. बाजूला मोठं फाटक आहे, पण ते पालापाचोळ्याच्या ढकलगाडीसाठी, आणि त्याला कुलूप. पहिल्या दिवशी आम्ही व्हीलचेअर उचलून आत घेतली. तो मुलगा बारा वर्षांचा. चार मोठी माणसं आपल्याला वरच्यावर उचलताहेत आणि बाकीची मुलं बघताहेत, म्हणून त्यानं मान खाली घातली ती खाऊच्या सुट्टीपर्यंत वर केली नाही. दुसऱ्या दिवशी माळीकाका पावणेसातला किल्ली घेऊन फाटकाशी उभे. आम्ही सांगितलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे ते एकदाही चुकले नाहीत.

आता मुद्द्यावर येते. पहिले दोन-तीन दिवस मुलांनी आपणहून माझ्या लेकीला लिंबूटिंबू केलं. प्रेमानंच केलं. ती आऊट होत नसे, तिला कुणी पकडत नसे, तिच्यावर राज्य येत नसे. सगळे खूश. चौथ्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "आई, मी खेळत नाहीये. मी फक्त तिथे असते."

मी ताई-दादांशी बोलले आणि त्यांनी तो प्रश्न थेट मुलांपुढे ठेवला. डबा ऐसपैस सगळ्यांना कसा खेळता येईल? अर्धा तास नुसता कालवा. शेवटी एका दहा वर्षांच्या पोरानं तोडगा काढला : राज्य नेहमी जोडीवर. एकानं डब्यापाशी थांबायचं, दुसऱ्यानं शोधायचं, कोण काय करणार ते जोडीनं ठरवायचं. डबा लांब फेकून तो आणायला लावण्याऐवजी मोठ्यानं ५० पर्यंत आकडे मोजायचे. लपायची हद्द गुलमोहरापासून कारंज्यापर्यंत. आणि हा नियम सगळ्यांना, कुणा एकासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं चकली आणि राज्य माझ्या लेकीच्या जोडीवर आलं. तीनशे फुटांवरून मला तिचा आवाज ऐकू आला : "आईऽ, माझ्यावर राज्य आलं!"

या वर्षी चौकशी करणारे ४० च्या वर आहेत आणि माझी छाती दडपली आहे. ज्यांनी असं काही केलंय, पाहिलंय, ज्यांची मुलं अशा शिबिरात होती किंवा जाऊ शकली नाहीत, त्यांनी मोकळेपणानं लिहा. नुसतं कौतुक करू नका, चुका सांगा.

---

रानपाखरू | २८ मार्च, रात्री ११:०२

डोळ्यांत पाणी आलं, पण कौतुक नको म्हणालात म्हणून कामाचं लिहिते.

माझा मुलगा स्वमग्न आहे, सात वर्षांचा, फार बोलत नाही. त्याला शिबिरातून परत आणावं लागलं ते शिट्टीमुळे. दादानं शिट्टी वाजवली की हा कान दाबून जमिनीवर बसायचा. तिथे स्पीकरवर गाणीही सुरू असायची. शिट्टीऐवजी रंगीत झेंडा हलवा. ऐकू न येणाऱ्या मुलालाही तोच कळेल.

दुसरं, दिवसाचा क्रम चित्रांत काढून कठड्याला टांगा : गोल करून गाणं, माती, खेळ, पाणी, खाऊ, घर. एक झालं की त्या चित्रावर कपड्यांचा चिमटा लावायचा. माझ्या मुलाला खेळाची भीती वाटत नाही. पुढे काय होणार हे कळत नाही, त्याची वाटते. क्रम बदलणार असेल तर चित्र आधी बदला, मग खेळ बदला.

आणि एक गोष्ट आपल्या खेळांत आधीपासूनच आहे : टाइमप्लीज! कुणीही, कधीही, कारण न सांगता म्हणू शकतं आणि त्याला कुणी आऊट करत नाही. आमच्या गच्चीवरच्या मुलांनी माझ्या लेकाला मूठ तोंडाजवळ नेऊन टाइमप्लीजची खूण शिकवली. त्याला शब्द लागत नाही. बागेत एक कोपरा टाइमप्लीजचा ठेवा. झाडाखाली चटई, एखादी ओढणी, पाण्याची बाटली. तिथे गेलेल्याला "काय झालं, काय झालं" विचारायला जायचं नाही. तो कोपरा सगळ्यांचा असू द्या. नाहीतर लगेच त्याला 'तसल्या मुलांचा कोपरा' म्हणायला लागतात.

---

जुनी वही | २९ मार्च, सकाळी ६:४०

प्राजक्तताई, मी ६१ वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर. बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, तेव्हा आमची ही पिढी आता संपत जाणार, आणि ते चांगलंच आहे. पण तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

मी आठवीपर्यंत लिंबूटिंबू होतो. बरोबरची लहान पोरं मोठी झाली, त्यांचं लिंबूटिंबूपण सुटलं, माझं राहिलं. मग मोठेपणी बढती मिळाली : गुण लिहायला बसवायचे, नाहीतर पंच करायचे. गावात क्रिकेटची मॅच असली की वही माझ्याकडे. अक्षर सुंदर म्हणून सगळे वाखाणायचे. ती वही अजून माझ्यापाशी आहे. त्यात सगळ्यांच्या धावा आहेत, माझी एकही नाही.

कुणाला दोष देत नाही. त्या काळी कुणाला सुचलं नाही आणि मलाही मागायला सुचलं नाही. पण तुमच्या शिबिरात एखादं मूल रोज गुण लिहिताना दिसलं तर तेवढी वही त्याच्या हातातून काढून घ्या.

---

गुलमोहर_९ | २९ मार्च, सकाळी ९:२०

काका, नमस्कार करते तुम्हाला.

तरी मला लिंबूटिंबूची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. वाड्यातल्या खेळात तीन वर्षांचं पोरही असायचं आणि तेरा वर्षांचंही. लहानग्याला "तू नको, जा घरी" म्हणण्यापेक्षा लिंबूटिंबू करून घेणं हा मोठेपणाच होता. त्या वयात तो खेळाचा उंबरठा असतो. उंबरठ्यावर मूल चार दिवस थांबलं तर बिघडत नाही. त्याला कायमचं तिथेच बसवलं की बिघडतं. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला, धडधाकट असो वा नसो, पहिले दोन दिवस लिंबूटिंबू राहायची मुभा द्या आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच विचारा, "आज राज्य घेणार का?"

---

प्राजक्त | २९ मार्च, सकाळी १०:०५

@गुलमोहर_९, "त्यालाच विचारा" हे मी लिहून घेतलं. गेल्या वर्षी मी हे मुलीच्या वतीनं ठरवत होते.

@जुनी वही, काका, तुम्ही पुण्यात असाल तर मेमध्ये एका सकाळी याल का? पाहुणे म्हणून बोलावत नाहीये, खेळायला बोलावतेय.

---

स्पष्टच_बोलतो | २९ मार्च, दुपारी १:३०

माझं मत अनेकांना आवडणार नाही, पण मनात ठेवण्यापेक्षा बोलावं.

माझा मुलगा आठ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एका अशाच मिश्र गटात होता. तिथल्या एका मुलानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. आयोजकांनी आम्हाला सांगितलं, "समजून घ्या, तो स्पेशल आहे." माझ्या मुलाला काय वाटलं हे कुणी विचारलंच नाही. त्यानंतर मी त्याला पाठवलं नाही. दिव्यांग मुलांनी येऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण पुरेशी माणसं नसताना सगळ्यांना एकत्र आणलं तर दोन्हीकडच्या मुलांचे हाल होतात. ४० मुलांना पाच ताई-दादा पुरणार नाहीत.

---

रानपाखरू | २९ मार्च, दुपारी २:१५

@स्पष्टच_बोलतो, तुमच्या मुलाला सॉरी म्हणायला हवं होतं आणि त्याच्याशी बसून बोलायला हवं होतं. चावा घेणाऱ्या मुलाची आई म्हणून लिहितेय. तो माझा मुलगा नव्हता, पण माझ्यानंही घेतलाय.

"तो स्पेशल आहे, समजून घ्या" या वाक्यानं दोन्ही मुलांचं नुकसान होतं. चावा घेण्याआधीची पाच मिनिटं असतात. माझा मुलगा आधी हात झटकतो, मग एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, मग कपडे ओढतो. ते ज्याला वाचता येतं तो त्याला त्याच वेळी चटईवर नेतो. म्हणून शिबिराच्या फॉर्ममध्ये 'आजार काय' याच्या खाली एवढं विचारा : मूल दमलं किंवा घाबरलं की आधी काय करतं? कशानं शांत होतं? हे प्रश्न सगळ्याच पालकांना विचारा. धडधाकट मुलंही मारतात, फक्त त्यांना कुणी स्पेशल म्हणत नाही.

माणसं कमी पडतात हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं.

---

दूरदेशी | ३० मार्च, पहाटे ४:५०

मी शिकागोजवळच्या उपनगरात राहते. इलिनॉयमध्ये गावोगावच्या बागा आणि खेळांचं काम पार्क डिस्ट्रिक्ट बघतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांतल्या काही जणांनी एकत्र येऊन दिव्यांगांच्या खेळांसाठी वेगळी संस्था चालवलेली असते. मुलाला नेहमीच्या समर कॅम्पात घालायचं असेल तर तिच्याकडून मदतनीस मिळतो. १९९० च्या तिथल्या कायद्यामुळे सरकारी कॅम्पाला या मदतीचे जादा पैसे त्या मुलाच्या पालकांकडून घेता येत नाहीत. प्राजक्तताईंनी फी सारखी ठेवली, हे मला म्हणूनच फार पटलं.

पण तिथलं सगळंच उचलू नका. माझ्या मुलाबरोबर पहिल्या वर्षी एक मदतनीस मुलगी होती. फार चांगली होती, दिवसभर त्याच्या खांद्याशी. परिणाम असा की बाकीची मुलं त्याच्याशी बोलण्याऐवजी तिलाच विचारायची, "त्याला बॉल हवाय का?" दुसऱ्या वर्षी आम्ही सांगितलं, मदतनीस गटाची असू दे, याची नको. ती चार पावलं लांब उभी राहायला लागली आणि दुसऱ्या आठवड्यात एका मुलानं थेट माझ्या मुलाला हाक मारली. ताई-दादांना मदत कशी करायची हे शिकवताच, तसं मागे कधी सरायचं हेही शिकवा.

एक जुनी गोष्ट. स्पेशल ऑलिंपिकची, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांची, सुरुवात उन्हाळी शिबिरातूनच झाली. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिबिर घेतलं. अशी मुलं पोहू शकतात, घोड्यावर बसू शकतात यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. त्यांची बहीण रोझमेरी हिलाही बौद्धिक अक्षमता होती. मदतीला शाळा-कॉलेजातली पोरं होती, तुमच्या ताई-दादांसारखीच. सहा वर्षांनी, १९६८ मध्ये, शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिल्या स्पर्धा झाल्या. आज त्यांच्याकडे युनिफाइड प्रकार आहे, त्यात अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात असतात. त्या मैदानावरून जाताना मला दर वेळी ते अंगणच आठवतं.

---

ओटी_ताई | ३० मार्च, रात्री ८:३०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. खेळांबद्दल सगळे लिहिताहेत, मी उन्हाबद्दल लिहिते, कारण मेमध्ये खरी गडबड तिथे होते.

फिट्सच्या काही औषधांनी घाम कमी येतो. टोपिरामेट हे त्यातलं नेहमी दिलं जाणारं. अशा मुलाचं अंग तापतं, चेहरा लाल होतो, पण कपडे कोरडे. बाकीची मुलं घामाघूम असताना एखादं कोरडं आणि मलूल दिसलं तर त्याला सावलीत न्या, अंगावर ओला पंचा फिरवा, पालकांना फोन करा. फॉर्ममध्ये औषधांची नावं घ्याच. मज्जारज्जूला इजा असलेल्या बऱ्याच मुलांनाही अंगाचं तापमान नीट सांभाळता येत नाही.

स्प्लिंट प्लास्टिकच्या असतात, आत घाम साचतो. आतून सुती मोजा हवा आणि जादा जोड पिशवीत हवा. शिबिर संपल्यावर स्प्लिंट काढून पाय बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट टोचतेय, दुसऱ्या दिवशी तशीच घालून पाठवू नका. संवेदना कमी असलेल्या मुलांना चटका कळत नाही. घसरगुंडीचा पत्रा आणि झोपाळ्याची साखळी आधी आपल्या हाताच्या पालथ्या बाजूनं तपासा. साडेआठनंतर लोखंडाला हात नको.

आणि पाणी मागायला लावू नका. दर वीस मिनिटांनी झेंडा, सगळे थांबणार, सगळे पिणार. बोलता न येणारं मूल तहान सांगत नाही आणि खेळात रंगलेलंही सांगत नाही. पाण्याबरोबर कोकम सरबत, पन्हं चालेल. गिळायला त्रास असलेल्या मुलाला काय आणि कसं द्यायचं ते त्याच्या आईला विचारूनच.

---

नागपुरी संत्रं | ३१ मार्च, सकाळी ७:१०

७ ते ९ पुण्यात ठीक. आमच्याकडे मेमध्ये सात वाजताच बाक तापलेला असतो, पारा ४५ च्या आसपास फिरतो. आम्ही साडेपाच ते साडेसात घेतो.

आमच्या शहरात पारडीला अनुभूती नावाचं समावेशक उद्यान २०२३ मध्ये जाहीर झालं, स्पर्श आणि गंधाची बाग वगैरे कल्पना आहेत. अशी मोठी उद्यानं हवीतच. पण मूल तिथे महिन्यातून एकदा जाणार, रिक्षा करून, सहलीसारखं. मैत्री होते ती घराजवळच्या बागेत, जिथे तेच तेच चेहरे रोज दिसतात. म्हणून मला प्राजक्तताईंच्या माळीकाकांची किल्ली जास्त महत्त्वाची वाटते.

---

कायदा_वाचणारी | ३१ मार्च, रात्री ९:४५

किल्लीबद्दलच बोलायचंय. माळीकाका देवमाणूस आहेत, पण उद्या त्यांची बदली झाली तर? फाटकातून आत जाणं कुणाच्या चांगुलपणावर राहता कामा नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, यात २१ आहेत, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी दोन्ही. कलम २९ मनोरंजनाबद्दल आहे, कलम ३० खेळांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारतानं २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनं खेळात सहभाग मिळावा असं स्पष्ट म्हटलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी बंधनकारक हव्यात.

हे सगळं अर्जात दोन ओळींत येतं. बाकी अर्ज साधा ठेवा. उद्यान विभागाला एक, क्षेत्रीय कार्यालयाला एक, पोच घ्या. मागण्या मोजून मापून लिहा. 'रॅम्प करावा' एवढंच लिहिलं तर घसरगुंडीसारखा उतार करून ठेवतात, त्यावरून व्हीलचेअर चढत नाही. एकास बाराचं प्रमाण लिहा : पायरी १५ सेंटिमीटर असेल तर उतार किमान १८० सेंटिमीटर लांब. फाटकाची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. आणि स्थानिक संस्थांना उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, तो यावर खर्च करा असं नम्रपणे पण लेखी सांगा.

---

पाटीवरची_अक्षरं | १ एप्रिल, दुपारी १२:२०

प्राजक्तताईंच्या शिबिरातल्या ऐकू न येणाऱ्या मुलाची मी आई. मीच लिहिते.

त्याला कॉक्लियर इम्प्लांट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. पाण्याच्या खेळाआधी कानामागचा प्रोसेसर काढून ठेवावा लागतो आणि मग त्याला काहीच ऐकू येत नाही. गेल्या वर्षी पाण्याचे फुगे सुरू झाल्यावर दादानं नियम सांगितले. सगळ्यांना कळले, याला नाही. तो चुकीच्या गटावर फुगे फेकत राहिला आणि सगळे हसले. मुलं वाईट नव्हती, पण घरी येऊन त्यानं अंगातला ओला शर्ट रात्रीपर्यंत काढला नाही.

नियम प्रोसेसर काढायच्या आधी सांगा, एकदा करून दाखवा आणि बोलताना तोंड त्याच्याकडे असू द्या. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहू नका, चेहऱ्यावर सावली पडते आणि ओठ दिसत नाहीत. एवढंच.

---

प्राजक्त | १ एप्रिल, दुपारी १२:५०

@पाटीवरची_अक्षरं, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत. आणि मी विचारलंही नाही. त्या दिवशी मी तिथेच होते, फोटो काढत होते. त्या फोटोत तो हसतोय असं मला वर्षभर वाटत होतं. मनापासून माफी मागते.

या वर्षी रोज शेवटची दहा मिनिटं सगळ्या मुलांनी सांगायचं : आज काय नाही आवडलं. बोलून, खूण करून, चित्रावर बोट ठेवून, कसंही.

---

बंगळूरकर | १ एप्रिल, रात्री १०:३०

इकडे किलीकिली नावाच्या संस्थेनं महापालिकेबरोबर काम करून कोल्स पार्कसारख्या नेहमीच्याच बागांत सगळ्या मुलांना खेळता येईल अशा जागा केल्या. भाच्याला घेऊन तिथे जायचो. खेळणी महत्त्वाची आहेतच, पण ती तशीच पडून राहिली तर त्यांचा उपयोग नाही. माणसांनी ठरवून मुलांना एकत्र खेळवलं पाहिजे. तुम्ही माणसांपासून सुरुवात केलीय, म्हणजे अवघड अर्ध तुमचं झालंय.

---

एक_आजी | २ एप्रिल, सकाळी ८:००

कुणी स्वच्छतागृहाबद्दल का लिहीत नाही? माझी नात तेरा वर्षांची, तिला डायपर लागतो. मुलगी मोठी झाली की हे कुणापुढे बोलता येत नाही आणि त्यापायी ती घरात बसते. बागेतल्या स्वच्छतागृहाला पायरी आहे, आत धरायला काही नाही, जमीन ओली. दोन तासांच्या शिबिरासाठी आम्ही तिला सकाळपासून पाणी देत नाही. थेरपिस्टबाईंचं वाचलं आणि मनात चर्र झालं.

---

प्राजक्त | २ एप्रिल, सकाळी ९:१५

आजी, तुमचं सगळ्यात आधी करणार. बागेशेजारच्या सोसायटीच्या क्लबहाउसला तळमजल्यावर स्वच्छतागृह आहे, पायरी नाही. आज संध्याकाळी अध्यक्षांना भेटते. एक घडीचा पलंग आणि पडदा आम्ही आणू, घडीची कमोड खुर्ची एका पालकांकडे आहे. तुमच्या नातीला पाणी पाजूनच पाठवा.

आणि @स्पष्टच_बोलतो, तुमचं मनावर घेतलं. या वर्षी ४० नाही, २४ मुलंच घेणार, ताई-दादा आठ. उरलेल्यांसाठी संध्याकाळचा दुसरा गट जमला तर बघू. तुमच्या मुलाला यायचंय का, हे त्यालाच विचाराल?

---

स्पष्टच_बोलतो | ३ एप्रिल, रात्री ९:००

विचारलं. म्हणाला, डबा ऐसपैस असेल तर येतो. मी रोज सकाळी मोकळा असतो, फाटकाचं आणि पाण्याचं माझ्याकडे द्या.

---

प्राजक्त | ५ मे, दुपारी ३:४०

धागा वर आणतेय. आज पहिला दिवस झाला.

सोसायटीनं क्लबहाउस दिलं. अर्जाची पोच मिळाली आहे, फाटक अजून तसंच आहे, पण मोठ्या फाटकाची एक किल्ली आता रीतसर आमच्याकडे आहे. एक_आजींची नात आली, सरबत दोनदा मागून घेतलं. टाइमप्लीजच्या चटईवर आज सगळ्यात जास्त वेळ एक अगदी धडधाकट मुलगा बसला होता, त्याची काल घरी भांडणं झाली होती म्हणे. जुनी वही काका आले होते. लगोऱ्या आम्ही पारावर मांडल्या, म्हणजे बसूनही रचता येतात. काकांनी सातपैकी सहा रचल्या आणि पाठीत चेंडू खाल्ला. चेंडू मारणारी पोरगी घाबरून त्यांच्याकडे बघायला लागली, तर काका म्हणाले, "बघतेस काय, मी आऊट."

शेवटी डबा ऐसपैस. राज्य माझ्या लेकीच्या जोडीवर. जोडीदार म्हणजे @स्पष्टच_बोलतो यांचा मुलगा. त्यानं डबा सांभाळायचा, हिनं शोधायचं असं दोघांनी ठरवलं. ही आकडे मोजत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... पन्नास! आणि वॉकर घेऊन निघाली.

झाडामागून, कारंज्याआडून चौफेर गलका उठला. "एऽ रडी! मधले आकडे खाल्ले! रडीचा डाव!" सगळी मुलं लपायचं सोडून बाहेर आली आणि हिच्याभोवती हातवारे करत भांडायला लागली. ही लालबुंद होऊन ओरडत होती, "मनात मोजले! मनात मोजले!" ताई मध्ये पडायला निघाली, मी तिला थांबवलं. कुणीही "जाऊ दे रे, तिला सोडा" म्हणालं नाही. पाच मिनिटं कडाक्याचं भांडण झालं आणि निकाल लागला : राज्य पुन्हा त्याच जोडीवर, आणि या वेळी आकडे १०० पर्यंत.

तिनं १०० मोजले. मोठ्यानं, एकही न गाळता. तोवर नऊ वाजून गेले होते.

उद्या सातला पुन्हा आहोत. कुणाकडे रिकामा पत्र्याचा डबा असेल तर आणा. आजचा चेपला.